काकीचं गुलाबी पाणी

भिवंडी तालुक्यात उपाशी माणसाशी बोलायला साफ नकार देणारी एकच बाई आहे, आणि ती माझ्या मैत्रिणीची काकी. कुणी मत मागायला आला तरी ही आधी विचारणार, "जेवलास?" तो हो म्हणाला की "काय?" आणि उत्तरात चहा-बिस्कीट निघालं, तर त्याला बसवून चवळीची आमटी वाढणार. मत द्यायचं की नाही, ते नंतर. मी पत्रकं लिहिणारी, चळवळीतली मुलगी. भीड ठेवणं मला जमत नाही. तरी अंजूरला काकीकडे गेले की माझी पत्रकं जेवण होईपर्यंत पिशवीतच राहतात.

या वेडाचं मूळ तिच्या नोकरीत आहे. काकी उभी हयात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होती. काम एकच, काचेच्या बश्यांतल्या पेशींना खाऊ घालणं. त्या ज्या पाण्यात वाढतात ते गुलाबी असतं. खाणं संपत आलं, घाण साठली, की पिवळं पडतं. सणवार असो, घरी पाहुणे असोत, काकी रंग बघायला हजर. निवृत्तीनंतर बश्या सुटल्या, नजर सुटली नाही. "आज पिवळी दिसतेस गो," असं ती रिक्षातल्या अनोळखी बाईलाही सांगते. अशा एका बाईला तिचा नवरा थेट काविळीच्या तपासणीला घेऊन गेला होता.

रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींबद्दल तर ती सख्ख्या भाच्यांसारखी बोलते. "शत्रू दिसला म्हणून पेशी उठत न्हाय पोरी. तिच्या आत मुकादम बसलेला हाय. तो आधी कोठी बघतो. साखर हाय का, डाळी-अंड्यातलं सामान हाय का. असलं तर हुकूम सोडतो, वाढा, एकीच्या हजार व्हा. नसलं तर शत्रू वळखूनपन गप बसवतो." सूत नसताना लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू करणारा मालक मी पाहिलेला नाही. पेशीलाही तेवढी अक्कल असते, एवढंच तिचं म्हणणं.

एवढं ऐकूनही मी केलेली चूक आम्हा चळवळ्यांनाच शक्य आहे. क्षय झालेल्या लूम कामगारांना गोळ्या मिळत होत्या, पोषणाचा शिधा मात्र कागदावर अडकला होता. बारा तास लूमपुढे उभा राहणारा माणूस वडापाववर क्षयाशी लढणार, आणि वर त्यालाच उपदेश, प्रतिकारशक्ती वाढवा. माझं डोकं फिरलं. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून त्याच दिवशी आरोग्य खात्याच्या कचेरीसमोर उपोषण ठेवलं. पुढच्या रांगेत खुद्द रुग्ण. सगळ्यांत पुढे इस्लामभाई, गालफडं बसलेले कारागीर. गोळ्या चुकवत नव्हते, तरी वजन हलत नव्हतं, आणि ते लूमवर परत कधी लागतात याची गावी बायको वाट बघत होती.

दुपारी रिक्षातून काकी उतरली. हातात उकडलेल्या अंड्यांचं पातेलं.

"काकी, भूख हड़ताल है," इस्लामभाई म्हणाले.

"अंदर के मुकादम को पूछा?" म्हणत काकी अंडं सोलायला बसली. मग माझ्याकडे वळून, "लढाईला पाठवतेस आनि डबा काढून घेतेस? उपाशी बसायचं तर तू बस. तुझ्या कोठीत भरपूर हाय."

इस्लामभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंड्याकडे. मी मान हलवली. उपोषणाच्या फलकावर कुणीतरी चादर टाकली आणि कचेरीच्या दारात पंगत बसली. उपाशी राहिले ती मी एकटी. अंड्यांचा वास आत गेला तसा साहेब स्वतः निवेदन घ्यायला बाहेर आला. शिधा त्यानंतरही रखडलाच. तो सुरू होईपर्यंत अंजूरहून पातेलं येत राहिलं. इस्लामभाईंच्या वजनाचा काटा हळूहळू सरकला. गोळ्यांचा कोर्स पुरा करून ते लूमवर परतले.

काका गेल्यापासून काकी एकटी आहे. स्वतःपुरतं रांधायचा कंटाळा करते. परवा गेले तर ओट्यावर चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा. मी पिशवी खाली ठेवली. "जेवलीस?"

"हो."

"काय?"

ती खिडकीतून शेताच्या जागी उठलेल्या गोदामाकडे बघायला लागली. मग तिकडेच बघत म्हणाली, "पिवळी दिसते काय गो मी?"

मी ओट्यापाशी गेले. चवळी कुठल्या डब्यात आहे, ते विचारलं.