कोमलची दोरी

प्रिय ईशान आणि मीरा,

गेल्या गुरुवारी सकाळी मी नाशिकहून लासलगावच्या एस.टी.त बसले. तिथे माझी भाची रंजना राहते. तिची मुलगी कोमल गोळाफेक करते. रविवारी नाशिकला जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि कोमल सराव सोडायच्या गोष्टी करत होती. "मावशी, तुझं तरी ऐकेल," असा रंजनाचा फोन आला, म्हणून निघाले.

निफाडपासून आभाळ अगदी खाली उतरलं होतं. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं आणि त्यांवर राखाडी उजेड. शेजारच्या बाईंना विचारलं, पाऊस येईल का?

"पाऊस येत नाय अन् ढग जात नाय. आता करपा (पात वाळवणारा रोग) पडंल. तुमाला काय, शाल हाय!"

मी शाल जरा सैल केली.

रंजनाने बाजरीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि ती कांदा निवडायला खळ्यावर (माल ठेवायच्या जागेवर) गेली. कोमल कॉलेजात होती. ओसरीच्या कोपऱ्यात तिचा गोळा आणि नायलॉनची एक लांब दोरी पडली होती. दोरी मातीने भरलेली, जागोजागी गाठी. दुपार रिकामी होती. मी केसांतली पिन काढून एकेक गाठ सोडवली, दोरी धुतली, वाळवली आणि सुबक गुंडाळून खुंटीला लावली.

संध्याकाळी कोमलने दोरी हातात घेतली, उलगडली, पुन्हा पहिल्या टोकापासून चाचपली.

"आज्जी, गाठी?"

"सोडवल्या. किती गुंता झाला होता!"

ती खाली बसली. मग तिने सांगितलं. तिचे सर तिला मीटरचा आकडा कधी सांगत नसत. आकडा बघू नको, गाठ ओलांड, म्हणायचे. दोरीचं टोक वर्तुळाच्या कडेला ठोकायचं. गोळा आधीच्या गाठीपुढे पडला की तिथे नवी गाठ. उन्हाळ्यात सरांची बदली झाली. शेवटची गाठ त्यांनी स्वतः मारलेली. तेव्हापासून गोळा त्या गाठीच्या वीतभर अलीकडेच पडत होता.

"लय कंटाळा यायचा. पण ती गाठ दिसायची ना, म्हणून जात होते."

मला बोलायला पाठवलं होतं. मी उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर शाळेच्या मैदानावर गेले. धुकं होतं. ती फेकायची, चालत जायची, गोळ्याचा खड्डा बघायची आणि सवयीने कोऱ्या दोरीकडे वळायची.

"अंदाजाने एक मारू या का गं?" मी विचारलं.

"खोटी गाठ? सरांना काय सांगू?"

सहा-सात फेकींनंतर तिने गोळा पिशवीत टाकला. शनिवारी ती मैदानावर गेलीच नाही.

रविवारी मात्र ती माझ्याबरोबर नाशिकला आली. "तू एवढी आलीस म्हणून," म्हणाली. वाटेत बस पंक्चर झाली, तरी वेळेत पोहोचलो. मैदानावर मुली आपापल्या आई-बापांसमोर वॉर्म-अप करत होत्या. कोमलच्या तीन फेकी झाल्या. तिसरी मला सगळ्यांत लांब वाटली. टेप धरलेल्या गृहस्थांनी आकडा ओरडून सांगितला, दुसऱ्यांनी लिहून घेतला. संघात तिचं नाव आलं नाही.

ती माझ्याकडे आली. घाम पुसला नव्हता.

"आज्जी, ही तिसरी गाठीच्या पुढं होती का?"

तो आकडा मला ऐकू आला होता. बाळांनो, त्याचा काही उपयोग नव्हता. गाठ किती मीटरवर होती हे कुणीच कधी मोजलं नव्हतं. हो म्हणावं असं फार वाटलं. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मलापण," ती म्हणाली आणि बूट काढायला बसली.

पाचच्या बसने ती लासलगावला परत गेली. मी घरी आले, पण बॅग अजून उघडलेली नाही. मी मदतीला गेले होते, आणि तिची सगळी मेहनत जिथे दिसत होती तेवढी एकच जागा पुसून आले.

तुमची,
आजी