भाचीचा काका

फोटोवाल्या बाईंच्या जिभेला विश्रांती म्हणून ठाऊक नव्हती. गेली बावीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढता काढता त्या गिऱ्हाइकाचं सगळं गणगोत विचारून घेत. नवरा म्हणे, "आमच्याकडे माणूस फोटोला येतो आणि जबानी देऊन जातो."

एकदाच त्यांनी काही विचारलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी दुकानात गर्दी होती, आणि कुणाबरोबर तरी आलेली एक मुलगी फोटो काढून गेली. महिन्याभराने तिची आई घरी उरलेली एक प्रत घेऊन आली. 'हरवली आहे'च्या कागदासाठी तिला तो फोटो मोठा करून हवा होता. ती मुलगी अजून सापडलेली नाही. बाईंच्या मनाला हे फार लागून राहिलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी एक गृहस्थ सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला.

"माझी भाची. परदेशात घरकामाची नोकरी लागलीय. जरा लवकर आटपा."

"अरे वा! खांदे सरळ कर गं," बाई म्हणाल्या.

मुलगी स्टुलावर बसली आणि त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, "काका, केस मागे घेऊ?"

बाईंचा हात कॅमेऱ्यावरच थांबला. भाची मामाला काका कशी म्हणेल? यात शेंबडं पोरसुद्धा चुकत नाही. मावशीचा नवरा असेल तर गोष्ट वेगळी.

"तुम्ही हिचे मामा, की मावशीचे यजमान?" त्यांनी सहज विचारलं.

"तेच ते हो," तो म्हणाला आणि घड्याळ बघू लागला.

बाईंनी आधी मुलीचे डोळे मिटले म्हणून फोटो परत काढला, मग मान वाकडी आली म्हणून. शेवटी प्रिंटर रुसल्याचं सांगून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि ओळखीच्या महिला हवालदाराला फोन लावला. "लवकर या. तोवर मी फोटो बिघडवत बसते."

सात फोटो बिघडले. आठव्याला हवालदारबाई दोन शिपायांसह हजर झाल्या. कागद मागताच त्या माणसाची बोबडी वळली. शिपाई त्याला ठाण्यावर घेऊन गेले, हवालदारबाई मुलीजवळ थांबल्या.

मुलगी मात्र बाईंवर कडाडली. "माझी नोकरी घालवलीत तुम्ही! काका शेजारच्या ताईच्या ओळखीचे आहेत. आईला विचारूनच आणलंय त्यांनी मला!"

खरंच चुकलं असेल तर? बाईंनी आपला मोबाइल पुढे केला. "आईचा नंबर पाठ आहे? लाव. तिलाच विचार."

मुलीने तणतणत नंबर फिरवला. "आई, तू हो म्हणाली होतीस ना?"

"कशाला हो म्हणेन गं मी?" पलीकडून हुंदका आला. "दोन दिवस पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतेय. कुठे आहेस ते सांग, आत्ता निघते."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने फोन बाईंकडे दिला. पण बाईंना इतकं रडू कोसळलं की त्यांच्या तोंडून स्वतःच्या दुकानाचा पत्तासुद्धा फुटेना. तेव्हा मुलीने फोन परत घेतला, दाराबाहेर जाऊन वरची पाटी वाचली आणि आईला एकेक अक्षर सावकाश सांगितलं.