तात्यांनी राखलेले तुकडे

आकाशातून झाडांचं वजन करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बारामतीतल्या भाड्याच्या खोलीत बसून उपग्रहाची चित्रं बघायची आणि उजाड झालेलं रान पुन्हा किती भरलं ते सांगायचं. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मला हल्ली फक्त मानदुखी जाणवते.

उपग्रहाला वजन आपोआप कळत नाही, शिकवावं लागतं. म्हणून निरवांगीच्या माळावर मी काही लहान तुकडे आखले, कोपऱ्यांना लाल फिती बांधल्या. आतल्या प्रत्येक हिवराचा, बोरीचा घेर टेपने मोजायचा, त्यावरून वजन काढायचं आणि ते चित्रातल्या ठिपक्याशी जुळवायचं. टेपचं दुसरं टोक धरायचे माळावर मेंढरं चारणारे एक म्हातारे. सगळे त्यांना तात्या म्हणत. रान भरतंय असं माझ्या नकाशाने सांगितलं, तर माळ चराईला बंद होणार होता. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याला उगाच घोर कशाला, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर धीरच झाला नाही.

दोन वर्षांनी पुन्हा मोजलं. आकडे चांगलेच फुगले होते. आमचे साहेब खूश झाले, नकाशा पुढे गेला आणि चराईबंदी ठरली.

मग तात्यांना घेऊन फिती सोडायला गेलो आणि पहिल्यांदा आजूबाजूला नीट पाहिलं. फितीच्या आत झाडं खांद्याला लागत होती, बाहेर मात्र कुरतडलेली, गुडघ्याएवढी. इतके दिवस मी आतच बघत होतो, गाढवासारखा.

"तात्या, इथं मेंढरं सोडली नाहीत?"

"न्हाय की. तुमी मोजलेली झाडं, त्यास्नी तोंड कसं लावू द्यायचं? दोन वरसं काठी घिऊन हुभा हाय."

उपग्रहाच्या एका ठिपक्यात राखलेला तुकडाही येतो आणि भोवतालचा चरलेला माळही. मी मात्र सगळ्या माळाला तुकड्यांचंच वजन लावलं होतं. तिथूनच साहेबांना फोन करून चूक सांगितली. "आता वरातीमागून घोडं कशाला?" ते म्हणाले. मला शरम वाटली, पण भांडायची ताकद नव्हती. फोन ठेवला.

"झाली न्हवं झाडं तुमच्या मनासारखी?" तात्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग आता सोडू का मेंढरं आत? तुमचं काम झालंच की."

"सोडा," मी म्हणालो. बंदीला अजून आठ दिवस होते.