चढावरच्या गप्पा

आज सकाळी टेकडी चढताना माझी बायको, शैला, अखंड बोलत होती. हिवाळाभर दम्यामुळे तिला अर्ध्या वाटेवरच बसावं लागायचं. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं, "धूर-धूळ आत गेली की श्वासनलिकेच्या पेशींत प्राणवायूचेच उपद्रवी रेणू वाढतात. पेशींना ते आवरले नाहीत, की नळ्या सुजतात."

ज्याच्यावर जगायचं, त्यानंच आतून असं पोळावं, याचं मला नवल वाटलं होतं. आता रोजच्या इनहेलरनं सूज उतरली आहे.

माथ्यावर पोचलो तरी शेजारणीबद्दलची तिची तक्रार चालूच होती.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय की," मी म्हणालो. खरं तर मी केव्हापासून तिचा मोकळा श्वासच ऐकत होतो.