दाजींचं आभारप्रदर्शन

जे काम तुम्ही केलेलं नाही, करण्याचा विचारही केलेला नाही, त्याबद्दल भर सभेत माइकवरून तुमचं नाव घेऊन कुणी आभार मानले तर तुम्ही काय कराल? उठून "हे खोटं आहे" म्हणाल? माझ्या पाहण्यात तरी असं कुणी उठलेलं नाही. माणसं कसनुसं हसतात, अर्धवट हात जोडतात आणि पुढच्या रविवारी मुकाट्याने त्या कामाला लागतात. दाजींची सगळी संघटना या एका गोष्टीवर उभी होती. सिंगापूरच्या अख्ख्या बेटावर नुसते आभार मानून इतक्या लोकांना इतका धाक घालणारा दुसरा माणूस झाला नसेल.

दाजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे, ताईचे, यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचे, मग माझ्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातले मराठी सहकारी म्हणू लागले आणि हळूहळू ते सगळ्यांचेच दाजी झाले. एका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत चाचणी विभागात होते. चाचणीत सबंध आयुष्य गेल्यामुळे असेल, पण माणूस समोर आला की तो कुठे चालतो आणि कुठे अडतो हे ते दोन मिनिटांत ओळखत. राहायला बुकित पंजांगला. तिथल्या एलआरटी नावाच्या छोट्या लोकल गाडीला ड्रायव्हर नसतो, तरी उतरताना दाजी तिला "थँक्यू" म्हणायचेच. ही गाडी घरांच्या अगदी जवळून जाऊ लागली की तिच्या काचा आपोआप धूसर होतात. दाजींना त्याचं फार कौतुक. "बघ, गाडीलासुद्धा कळतं, लोकांच्या घरात डोकावू नये," असं मला म्हणायचे, आणि तेवढ्यात पलीकडच्या सीटवर कुणी मराठी बोललं की जागा सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसायचे. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्या बिचाऱ्याचा जिल्हा, तालुका, पदवीचा विषय आणि रविवारी दुपारी तो काय करतो एवढं सगळं त्यांच्या खिशात असायचं.

आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की पुरतं, कुणाची ते सांगावं लागत नाही. आमच्या मंडळाची जयंती बुकित तिमाहला, अध्यक्ष राहतात त्या काँडो सोसायटीच्या हॉलमध्ये व्हायची. अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने लोण्यासारखे, एप्रिलच्या उकाड्यातही टाय लावणारे. हॉलमध्ये धूर झाला की अलार्म वाजतो, म्हणून प्रतिमेपुढे बॅटरीवरच्या मेणबत्त्या. मग वंदना, मुलांची भाषणं, प्रमुख पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी दाजी. व्यासपीठावरच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. कार्यकारिणीत कधी गेले नाहीत. त्यांना फक्त आभारप्रदर्शन हवं असायचं, आणि ते प्रमुख भाषणाहून लांब असायचं. बिर्याणीचा वास हॉलभर पसरलेला, माणसं ताटं हातात घेऊन रांगेत उभी, आणि दाजी शांतपणे सांगताहेत, "या वर्षभर गावाकडच्या मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवण्याचं ज्यांनी आनंदाने मान्य केलं आहे, त्या आपल्या अध्यक्षांचे आभार." अध्यक्षांचा चमचा तिथेच थांबायचा. एकदा स्वतःच्या मुलाचे आभार मानले, तेव्हा तो सेकंडरी स्कूलमधला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "पापा, यू नेव्हर आस्क मी लाह." दाजींनी त्याचेही आभार मानले, प्रांजळपणाबद्दल. पुढचं वर्षभर तो मुलगा तिकडच्या पोरींना इंग्रजीत बोलायला शिकवत होता. त्यांच्यापैकी दोघीतिघी अजून वाक्याच्या शेवटी सिंगापुरी लाह लावतात.

हा सगळा खटाटोप एका खोलीसाठी होता. दाजींच्या तालुक्याच्या गावी विहारामागे एक खोली आहे. इथून शिकवता यावं म्हणून आमच्या मंडळाने तिथे पडदा आणि इंटरनेट बसवून दहावीच्या मुलींसाठी अभ्यासिका सुरू केली. तिथल्या शाळेत गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक टिकत नाहीत आणि शिकवणीची फी घरून मिळत नाही. विहाराच्या कमिटीने सुरुवातीलाच बजावलं होतं की खोली चालली तर तुमची, पडून राहिली तर मांडववाल्याला गोदामासाठी भाड्याने देऊ. म्हणजे रविवारचा तास चुकत राहिला की मुली यायच्या बंद होणार आणि मुली बंद झाल्या की तिथे खांब आणि कनाती येणार. त्यामुळे दाजी पैशांऐवजी वेळेची वर्गणी मागत. पैसे द्यायला सगळे तयार असायचे. अध्यक्ष तर म्हणाले होते, "दाजी, वर्षाचे एकदम घ्या, पण रविवारची दुपार मागू नका." कारण मुलींचा सकाळचा तास म्हणजे इथली ऐन जेवणाची वेळ. आठवडाभर हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांच्या नूडल्सवर काढलेल्या माणसाला रविवारी घरचा वरणभात समोर असताना उठून काळ, काम, वेगाची गणितं शिकवायला सांगणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकाल. दाजी नेमकं तेच मागायचे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझ्या बाबांच्या घरात भाजीसुद्धा निवडायची ती जुन्या पत्रकांवर. जाहीरनामा, मागण्या, ठराव, मतदान यांशिवाय चळवळ चालते हे मला पटत नसे, आणि दाजींच्या पद्धतीचा मला मनापासून राग होता. मी त्यांना तोंडावर सांगितलं की हे लोकशाहीत बसत नाही, ही गोडीगुलाबीची सक्ती आहे. दाजी मला क्रांतिकारक म्हणायचे. त्या दिवशी ताटात पोळी वाढत म्हणाले, "क्रांतिकारक, माणसाला विचारलं की तो विचार करायला लागतो. आभार मानले की कामाला लागतो. तुम्ही ठराव करा, मी आभार मानतो. बघू मुली कुणाच्या पास होतात." त्याच वर्षी जयंतीला, मंडळाचा अंक एकहाती काढल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. असा काही अंक निघणार आहे हेही मला तोवर ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी तो निघाला.

मग या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने दाजींचा सगळा विभागच बंद केला. इथे राहण्याचा परवाना, म्हणजे पास, नोकरीला चिकटलेला असतो. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत पास जातो, आणि त्याच्यामागून घर, मुलाची शाळा, सगळंच. दाजींनी ठिकठिकाणी अर्ज केले, मुलाखती दिल्या. त्यांच्या वयाकडे बघून सगळे फार आदराने बोलत आणि नंतर फोन करत नसत. आमच्या लोकांचंही तसंच झालं. कुणी वाईट वागलं नाही, पण दाजी आले की आवाज एकदम खाली जायचे, आजारी माणसाच्या खोलीत जातात तसे. त्यांच्या जाण्याआधी जयंती पडत होती. कार्यकारिणीने ठरवलं की त्यांचा सत्कार करायचा आणि तो त्यांना आधी कळू द्यायचा नाही. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत सत्काराचा उल्लेख टाळला आणि त्याला वेळ मिळावा म्हणून आभारप्रदर्शन काढून टाकलं. ती पत्रिका ग्रुपवर गेली तशी दाजींनाही गेली.

ताईने मला नंतर सांगितलं की त्यांनी पत्रिका दोनदा वाचली. मग म्हणाले, "बरोबर आहे. ज्याच्याकडे पास नाही त्याने दुसऱ्यांना कामं कशी सांगायची." ताईला सत्काराचं माहीत होतं. तिच्या पोटात गोष्ट राहिली ती आयुष्यात तेवढी एकदाच, आणि त्याचा तिला अजून पश्चात्ताप होतो.

जयंतीला दाजी आले. वंदनेला पहिल्या रांगेत होते. भाषणं झाली, आणि अध्यक्ष उभे राहिले. त्याग, समर्पण, निःस्वार्थ असे सगळे मोठे शब्द त्यांनी वापरले, आणि ते खरंच मनापासून होते. शाल उघडून त्यांनी दाजींचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, थांबल्या, पुन्हा झाल्या. दाजी हॉलमध्ये नव्हते. आम्ही स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पाहिलं, चपलांपाशी पाहिलं. शेवटी मी आणि अध्यक्ष लिफ्टने खाली गेलो. पोहण्याच्या तलावाच्या कडेला बार्बेक्यूसाठी बाक आहेत. तिथे एका बाकावर दाजी बसले होते. चिली सॉसच्या बाटलीला फोन टेकवलेला आणि फोनमध्ये त्या खोलीतल्या मुली. इंग्रजीचा तास चालू होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज रविवार आहे आणि वर हॉलमधल्या एकालाही त्या मुलींची आठवण झालेली नाही. आज पाळी होती अध्यक्षांची.

"दाजी, वर चला," अध्यक्ष म्हणाले. "तुमचा सत्कार आहे. सगळे थांबलेत."

"आज तास नाही हे पोरींना कुणी कळवलं होतं का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं.

"त्या उन्हातून सायकली हाणत येतात, अध्यक्षसाहेब," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मग फोनकडे वळून त्यांनी मुलींना सांगितलं की आता तुमचे नेहमीचे सर आले आहेत, आणि बाकावरून सरकून जागा करून दिली. अध्यक्ष सुटाबुटात, हातावर शाल, तसेच बसले. फोनमधून प्रज्ञा नावाच्या मुलीचा आवाज आला, "सर, लग्नाला चाललाय का?" मुली फिदीफिदी हसल्या, आणि अध्यक्षही हसले. शाल मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?"

मी दाजींना घेऊन वर आले. लिफ्टमध्ये त्यांना पत्रिकेची सगळी भानगड सांगितली. हॉलमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसायची खूण केली आणि माइक हातात घेतला. आता आभारांची लांबच लांब यादी येणार म्हणून ताटांच्या रांगेतले दोघं सवयीने पुन्हा खुर्चीवर टेकले.

"आजवर मी तुम्हाला न विचारता तुमचे आभार मानले," दाजी म्हणाले. "कारण मी पुढच्या रविवारी दारात येऊन उभा राहणार, हे तुम्हाला माहीत होतं. आता मी येणार नाही. म्हणून आज विचारतो. माझा गणिताचा तास कोण घेणार?"

मला वाटलं आता कुणीतरी पैसे देऊ करील. तेवढ्यात खिरीच्या पातेल्यामागून अध्यक्षांच्या पत्नी बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांना सभेत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"दाजी, तुम्ही दरवर्षी खिरीबद्दल माझे आभार मानता. मी गणितात एमएस्सी आहे. ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

एलआरटीत परक्या माणसाच्या पदवीचा विषय दोन मिनिटांत काढून घेणारे दाजी, त्यांनी ज्या घरची खीर वर्षानुवर्षं खाल्ली त्या घरातल्या बाईला एवढंही विचारलं नव्हतं. आणि लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्या मी तरी कुठे विचारलं होतं? दाजींच्या हातातला माइक खाली आला. "चुकलो, वहिनी," ते माइकशिवायच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. वहिनींनी डाव पातेल्यात ठेवला आणि पदराला हात पुसत सांगितलं की पुढच्या रविवारपासून तास त्यांचा. त्यानंतर आणखी दोन बायकांनी हात वर केले. मग पुरुषांना लाज वाटली. मीही हात वर केला. शाल त्या दिवशी खालीच राहिली, कारण तास संपेपर्यंत अध्यक्ष वर आले नाहीत.

दाजी आता पुण्यात असतात. नोकरीचं अजून पक्कं झालेलं नाही. ताई म्हणते, दर रविवारी पहाटेच्या एसटीने तालुक्याला जातात. वहिनी शिकवायला लागल्या की पडद्याच्या कडेला कधीकधी एक कोपर दिसतं, कधी खिडकी लावणारा हात दिसतो. ते स्वतः समोर येत नाहीत. एकदा माझा तास संपल्यावर मी विचारलं, दाजी आहेत का, जरा बोलवा. प्रज्ञाने मागे वळून पाहिलं आणि सांगितलं, ते बाहेर सायकली सावलीत लावताहेत. मुली निघून गेल्यावर मी फोन बंद केला.

खोली अजून मुलींचीच आहे. मात्र महिन्यातल्या शेवटच्या रविवारी नव्याने ठेवलेला विज्ञानाचा तास अद्याप कुणी घेतलेला नाही. त्या दिवशीही मुली येतात, पडदा लावतात, आणि कुणी येत नाही हे कळल्यावर एकमेकींना धडा वाचून दाखवतात. हे वाचणाऱ्या तुम्हाला दहावीचं विज्ञान येतं. तुम्ही इथे असाल तर तो तास घ्या. दुसऱ्या कुठल्या शहरात, दुसऱ्या कुठल्या देशात असाल तर आज तुमच्या गावच्या शाळेत फोन करा, कुठल्या विषयाला शिक्षक नाही ते विचारा, आणि येत्या रविवारी जेवणाचं ताट तासभर बाजूला सारून बसा.