बेहड्याच्या ढोलीपाशी

सांगलीहून निघताना वाचनालयातल्या सहकाऱ्यांना मी कुठे जातो ते सांगितलं नव्हतं. पौषात पत्नी गेली आणि चैत्रात मी पक्षी पाहायला निघालो, हे त्यांना विचित्र वाटलं असतं. तिनं लहानपणी आजोळच्या देवराईत (देवीच्या नावानं राखलेल्या रानात) धनेशाचं घरटं पाहिलं होतं. जुन्या बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला भरवतो. "एकदा दाखवीन तुम्हाला," ती म्हणायची. ते भरवणं एकदा पाहावं, एवढ्यासाठीच मी निघालो होतो.

कऱ्हाडला गाडी बदलली. पाटणच्या पुढे डांबर संपलं. फाट्यावर उतरून चढ चढत वाडीत पोचेपर्यंत दुपार कलली होती. भूकंपानंतर बांधलेली पत्र्याची घरं. पहिल्याच घरापुढे एक मिशाळ म्हातारा बसला होता, पलटणीतून पेन्शनीत आलेला. त्याला सगळे तात्या म्हणत.

"कुठनं आलासा?"

"सांगलीहून. धनेश बघायचेत." त्याला कळेना, तेव्हा मी हातानं चोच करून दाखवली.

"गरुड म्हना की. हितं गरुडच म्हनत्यात त्येला. बघून काय करनार?"

"काही नाही. बघणार."

"नुसतं बघाया सांगलीस्नं?" त्यानं माझी पिशवी ओढून घेतली. आत दुर्बीण, टॉवेल, पुस्तक आणि रिकामी बाटली. "ही तेल न्ह्यायला व्हय?"

धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं म्हणतात. गेल्या साली स्वतःला वैद्य म्हणवणारा कुणी येऊन एक जोडी मारून गेला होता. चढावर पाणी पिऊन बाटली रिकामी झाली, हे माझं म्हणणं तात्याला पटलं नाही. मग मी पत्नीचं आजोळ सांगितलं: सुतारांची नात. घर भूकंपात पडलं, माणसं मुंबईला गेली.

"म्हंजी इचारायचं कुनाला? त्यो तेलवाला बी जावईच म्हनत हुता."

"दर साली नवा जावई," शेजारच्या अंगणातून एक बाई म्हणाली. "गावात पोरी तरी किती हैत, तात्या?" तिनं मला नाचणीची भाकरी आणि करवंदाची चटणी दिली. खाताना मला वाटत होतं, एवढी राखण करणारा हा माणूसच तेल विकत नसेल कशावरून?

राईच्या तोंडाशी देवीची शिळा होती. चामड्याच्या वहाणा बाहेर काढायच्या आणि कौल (देवीची परवानगी) घ्यायचा. तात्यानं शिळेच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर आत जायचं.

"फुकू नगा," तो मला म्हणाला.

बऱ्याच वेळानं उजवी पडली. "देवीनं सोडलं. मी न्हाई सोडलं," असं म्हणून तो कोयता घेऊन माझ्या मागून चालू लागला.

बेहड्याचा बुंधा चार माणसांच्या कवेत मावला नसता. वर ढोलीच्या फटीत पिवळसर चोचीचं टोक दिसत होतं. आम्ही समोरच बसलो. थोड्या वेळानं नर आला, पण बाजूच्या फांदीवर. चोचीत उंबर धरलेलं. त्यानं मान तिरकी करून आम्हाला पाहिलं, उडून गेला, पुन्हा आला, पुन्हा लांब बसला. फटीतली चोच उघडत होती, मिटत होती. उन्हं खाली गेली तरी तो ढोलीकडे वळेना.

मी उठलो.

"का हो? यील की आता."

"आपण इथे आहोत तोवर नाही येणार."

"मग तुमचं बघायचं ऱ्हायलं की."

"राहू दे. ती उपाशी आहे."

परतताना पहिल्यांदाच तात्या माझ्या पुढे चालला. राईबाहेर पडतो तोच मागे पंखांचा आवाज झाला, लोहाराच्या भात्यासारखा जड. देवराईतून निघाल्यावर मागे बघत नाहीत. मी बघितलं नाही.

"उतरला," तात्या म्हणाला.

रात्री त्याच्याच पडवीत झोपलो. सकाळी तो फाट्यापर्यंत आला आणि येष्टी येईतो थांबला. मला वाटलं, मी खरंच जातो की नाही हे बघायला. गाडी आल्यावर त्यानं विचारलं, "नाव काय हुतं तुमच्या मंडळींचं?"

मी सांगितलं. त्यानं बराच विचार केला.

"न्हाई आठवत. पर गावाचं नाव कुनाला सांगू नगा."

सांगलीत सहकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा कऱ्हाडकडे गेलो होतो, एवढंच म्हणालो. वाचकहो, तुम्हालाही मी गाव सांगितलेलं नाही. तुमच्यावर अविश्वास नाही, असं इथे लिहिणार होतो. पण ते खरं नाही.