आडव्या बाटलीच्या बाईची मुलगी

आयर्लंडला निघाले तेव्हा विमानतळावर आईने डोळे पुसले नाहीत. "नवऱ्याच्या मागे जातेस, पण त्याच्या मागेच राहू नकोस," एवढंच म्हणाली. साताऱ्याकडच्या आमच्या गावात दारूबंदीचं मतदान झालं, तेव्हा घराघरांतून बायका बाहेर काढून बाटली आडवी करणारी ही बाई. तिचा धाकटा भाऊ दारूनेच गेला होता.

सुरुवातीची वर्षं डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमध्ये गेली. समीर ऑफिसला, मी घरात. मायक्रोबायॉलॉजीची एमएस्सी इडलीचं पीठ आंबवण्यापुरती उरली होती. पुढे समीरचं काम घरून चालायला लागलं, आणि पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरच्या डिस्टिलरीत यीस्ट कळणारं माणूस हवंय, असं माझ्या वाचनात आलं. नोकरी मिळाल्यावर आईला फोन केला.

"कसली कंपनी?"

"व्हिस्कीची. सिंगल मॉल्ट."

तिने फोन ठेवला. नंतर मावशीकडून कळलं, मी औषधांच्या कंपनीत आहे असं आई गावात सांगते. ते मला झोंबलं. तांब्याच्या भट्टीशेजारी उभी असतानाचा माझा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मी व्हिस्की बनवते.' वर्षभर आई माझ्याशी बोलली नाही. मीही माफी मागितली नाही.

हेमिश माझा बॉस. स्कॉटलंडच्या एका बेटावर स्कॉच बनवण्यात त्याची उमर गेली, मग तो इथे आला. भट्टीतून येणाऱ्या धारेतली पहिली आणि शेवटची बाजूला काढायची, मधलीच पिंपात भरायची, हे त्याने शिकवलं. कुठे थांबायचं ते वास घेऊन ठरतं. त्याचं नाक थकलं तसं ते काम माझ्याकडे आलं.

अबोला कधीतरी सुटला आणि गेल्या उन्हाळ्यात आई इथे आली. रोज डिस्टिलरीवरून समुद्रावर जायची, पण मान वळवायची नाही. एक दिवस आपणहून आत आली. "बघू तरी, कशापायी भांडलीस ते."

मी भट्टी दाखवली, मधल्या धारेचं काम समजावलं. हेमिशने ग्लास पुढे केला. आईने त्यावर हात ठेवला.

"सांग त्यांना, माझा भाऊ यानेच गेला."

मी सांगितलं. हेमिशने डोक्यावरची टोपी काढली. "माझे वडीलही," तो म्हणाला.

"तरी बनवता?"

"हो."

आईने कपाटातली एक बाटली उचलून डोळ्यांजवळ धरली. लेबलावर एकट्या हेमिशची सही होती.

"मधली धार कोण काढतं?"

"तुमची मुलगी."

"मग?"

तो 'मग'सुद्धा मी इंग्रजीत करून सांगितला. हेमिश ओशाळला, मान हलवत म्हणाला, "फेअर इनफ." पुढच्या बॅचच्या लेबलावर दोन सह्या होत्या. त्यातली एक बाटली मी आईला देऊ केली. तिने घेतली नाही.

गावी परतल्यावर कुणीतरी तिला मुलीच्या औषधांच्या कंपनीबद्दल विचारलं. मावशी तिथेच होती. आई म्हणाली, "व्हिस्की बनवते ती. मला पसंत नाही. पण ती मला विचारायला आली नव्हती."

इकडे आलेल्या मैत्रिणींनो, तिकडे राहिलेल्यांसाठी आपली किती खोटी कामं सांगितली जातात. मी ते चालू दिलं नाही. हल्ली आई दर रविवारी फोन करते, आधी माझ्याशी दारूवरून भांडते आणि मग जेवलीस का विचारते. या फोनपलीकडे मला दुसरं घर नको.